खाऱ्या पाण्यातली फ्लाय फिशिंग, रॉड घेण्याआधी हे वाचा

समुद्रावर फ्लाय फिशिंग सुरू करायचं म्हटलं की सगळे आधी विचारतात रॉड कुठला घेऊ, तर माझं उत्तर ठरलेलं आहे, ९ फुटी ८ वेट (म्हणजे ८ नंबर वजनाची लाइन पेलणारा) घ्या, वाऱ्यातही जड फ्लाय, म्हणजे पिसं-दोऱ्यांचं नकली आमिष, फेकता येते आणि मासा ताकदवान निघाला तरी रॉड दम धरतो. पण खरे पैसे रीलवर घाला. ड्रॅग, म्हणजे लाइन सुटताना रीलला लागणारा ब्रेक, सील्डच (बंदिस्तच) हवा, कारण आत मीठ आणि वाळू गेली की तो अडकतो, आणि नेमका मासा सुसाट पळत असताना लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाचा बारीक दोरा, तटकन तुटतो. बॅकिंग, म्हणजे फ्लायलाइनच्या मागे रीलवर गुंडाळायचा जादा दोरा, निदान २०० यार्ड भरा, बोनफिशसारखा उथळ समुद्रातला वेगवान मासा पहिल्याच धावेत अख्खी फ्लायलाइन बाहेर काढतो!

लाइन पाण्याच्या तापमानाप्रमाणे घ्या, थंड पाण्याची लाइन उष्ण हवेत मऊ पडून गाइडला, म्हणजे रॉडवरच्या कड्यांना, चिकटते.

आता हाताचं. गोड्या पाण्यातल्या ट्राउट माशाची सवय असलेला माणूस मासा लागला की रॉड वर उचलतो, मीही कितीतरी दिवस तेच केलं आणि चांगले मासे घालवले. इथे रॉडचं टोक खाली, माशाकडे रोखलेलं ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने लाइन सरळ मागे खेचायची, गळ रुतला की बोटांना जडपणा जाणवतो, मगच रॉड उचला. चुकलं तरी फ्लाय माशाच्या समोरच राहते ना, तो कधी कधी परत फिरून घेतो.

डबल हॉल, म्हणजे फेकताना दुसऱ्या हाताने लाइनला मागे-पुढे दोन्ही वेळा झटका देणं, आधी गवतावर घोटून घ्या, वाऱ्यात त्याशिवाय लाइन जातच नाही.