तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीत किती वॅटचा ॲम्प्लिफायर बसवावा?

गाडीत नवे स्पीकर बसले की पुढचा प्रश्न ठरलेला: ॲम्प किती वॅटचा घेऊ? बरेचदा सोबत खोक्याचा फोटोही येतो, त्यावर ठळक अक्षरांत ४००० वॅट. तो आकडा आधी डोक्यातून काढून टाका. ॲम्प सगळ्यात शेवटी निवडायचा असतो. आधी स्पीकरवर काय छापलंय ते वाचायचं, मग गाडी किती करंट देऊ शकते ते पाहायचं.

खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ असतो, म्हणजे क्षणभराचा, तोही कागदावरचा. सतत मिळणारी ताकद म्हणजे आरएमएस वॅट. माहितीपत्रकात सीटीए-२००६ या मोजमापाच्या मानकाचा उल्लेख असेल (जुन्या मालावर सीईए-२००६), तर ताकद १४.४ व्होल्टवर, ४ ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत अडथळा), आवाज १ टक्क्याहून जास्त न बिघडता मोजलेली असते. त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. उल्लेख नसेल तर ॲम्पच्या अंगावरचे फ्यूज बघा. ४००० वॅट लिहिलेल्या ॲम्पला २५ ॲम्पिअरचे दोन फ्यूज असतील, तर तो सतत साधारण ५० ॲम्पिअर ओढेल. ५० गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ६९० वॅट आत गेले. क्लास एबी (ॲम्पच्या सर्किटचा एक प्रकार) ॲम्प त्यातला जवळपास निम्मा भाग उष्णतेत घालवतो, म्हणजे बाहेर पडणार फार तर ३८० वॅट, तेही सगळ्या चॅनेलचे, म्हणजे स्पीकरसाठीच्या आउटपुटचे मिळून. क्लास डी (दुसरा, कमी तापणारा प्रकार) असेल तर आत गेलेल्यातले तीन चतुर्थांश बाहेर पडतात असं धरा. दुकानात उभ्याउभ्या होणारा हा हिशेब आहे, तो केल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता एक खरा सेट घेऊ, छोट्या हॅचबॅकमध्ये बहुतेकांना लागतो तसा. पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट (मुख्य स्पीकर आणि बारीक आवाजाचा ट्विटर वेगळे असलेला जोड), ६० वॅट आरएमएस, ४ ओहम. डिक्कीत खोल बेससाठी दहा इंची सबवूफर, २५० वॅट आरएमएस. मागचे स्पीकर स्टिरिओवरच राहू द्या, त्यांना ॲम्पची गरज नाही. या सेटला ४ ओहमवर चॅनेलमागे ७५ वॅट आरएमएस देणारा फोर-चॅनेल ॲम्प पुरतो. दोन चॅनेल दारांना, उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, सबवूफरला. असे ॲम्प ब्रिजमध्ये ४ ओहमला सव्वादोनशे वॅटच्या आसपास देतात. सबवूफरला २५ वॅट कमी पडले म्हणून हळहळू नका. ताकद दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, मग एवढासा फरक कानाला कुठून कळणार?

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ओहममध्ये. सबवूफर डबल कॉइलचा, ४ अधिक ४ ओहमचा असला आणि दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्या, तर भार २ ओहम होतो. ब्रिज केलेल्या ॲम्पच्या प्रत्येक चॅनेलला त्यातला निम्मा, म्हणजे १ ओहमच दिसतो. २ ओहमपर्यंतच झेपणारा ॲम्प तिथे तापतो आणि आवाज वाढवला की प्रोटेक्टमध्ये, म्हणजे स्वतःला वाचवायला, जाऊन बंद पडतो. लोक ॲम्प खराब म्हणून परत करतात, प्रत्यक्षात जोडणी चुकलेली असते. म्हणून ब्रिज करायचं असेल तर सिंगल ४ ओहमचा सबवूफर घ्या, किंवा २ अधिक २ ओहमचा घेऊन कॉइल सिरीजमध्ये जोडा. ४ अधिक ४ चा आधीच घेतला असेल, तर त्याला २ ओहमवर चालणारा वेगळा मोनो (एकाच चॅनेलचा) ॲम्प हवा.

क्लास डी की एबी? आपल्या छोट्या गाड्यांसाठी माझं मत सरळ क्लास डीच्या बाजूने आहे. वरच्या सेटला पूर्ण ताकदीवर डी साधारण ३६ ॲम्पिअर ओढतो, एबी ४९. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ ॲम्पिअर-तासांची असते, त्यामुळे हा फरक जाणवतो. हेडलाइट बेससोबत लुकलुकायला लागले तर समजा की व्होल्टेज पडतंय.

वायरिंगमध्ये काटकसर करू नका. बॅटरी ते डिक्की सुमारे ५ मीटर धरा. ८ गेजच्या शुद्ध तांब्याच्या तारेत ३६ ॲम्पिअरला ०.३७ व्होल्ट वाया जातात. तीच तार तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, म्हणजे सीसीए असेल, तर ०.६ व्होल्ट. ४ गेज तांब्यात फक्त ०.१५. गेजचा आकडा लहान तितकी तार जाड. तयार किटमध्ये बहुधा सीसीए असते, म्हणून टोक चाकूने खरवडून बघा: आतून पांढरट निघालं तर ॲल्युमिनियम. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत मुख्य फ्यूज हवाच, कारण तार कुठे घासून बॉडीला लागली तर आग थांबवणारा तोच. तार पत्र्यातून आत घेताना भोकात रबरी ग्रोमेट (कडेने तार घासू नये म्हणून बसवायचं कडं) घाला. अर्थिंगची तार तेवढ्याच जाडीची आणि आखूड ठेवा, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने आवळा. सीट बेल्टचा बोल्ट त्यासाठी वापरू नका.

कंपनीचा स्टिरिओ ठेवायचा असेल तर हाय-लेव्हल इनपुट असलेला, म्हणजे स्पीकरच्या तारांतूनच सिग्नल घेणारा ॲम्प घ्या आणि तुमच्या मॉडेलच्या कपलरने (तयार जोड-प्लगने) जोडणी करा. मूळ हार्नेस (तारांचा जुडगा) कापला की वॉरंटीचा वाद अंगावर येतो.

ॲम्प बसला, आता गेन. तो व्हॉल्यूमचा नॉब नाही. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि ॲम्प यांचा मेळ घालायचा तो. स्पीकरच्या तारा काढा, बेस-ट्रेबल शून्यावर आणा, लाउडनेस आणि ॲम्पवरचा बेस बूस्ट बंद करा. स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवून शून्य डेसिबलचा टोन वाजवा, दारांसाठी १००० हर्ट्झ, सबवूफरसाठी ५०. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटला लावा. किती व्होल्ट हवेत? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ६० वॅट आणि ४ ओहमला १५.५ व्होल्ट, २२० वॅटला २९.७. गेन शून्यापासून हळूहळू वाढवा आणि आकडा आला की थांबा. मल्टिमीटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत स्वस्तात मिळतो. ट्विटर जळतात ते मुख्यतः गेन पुढे रेटल्यामुळे. सिग्नलचं टोक कापलं जातं आणि ट्विटरला नको तितकी ताकद जाते. नंतर दारांना हाय-पास (त्याच्या वरचेच स्वर जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झ, सबवूफरला लो-पास (खालचेच जाऊ देणारा) ८० हर्ट्झ ठेवा.

सीटखाली ॲम्प ठेवणार असाल तर थेट कार्पेटवर ठेवू नका. पावसाळ्यात चिखलाच्या बुटांनी आणि तुंबलेल्या एसीच्या पाण्याने ते ओलं होतं. दोन-तीन सेंटिमीटर उंच पट्टीवर बसवा आणि वर हवा खेळती ठेवा. सबवूफरच्या खोक्यावर तर स्क्रू मारूच नका, हादऱ्यांनी आतले सोल्डरचे टाके सुटतात.

इंजिनच्या वेगासोबत चढणारी शिट्टी ऐकू आली तर आधी अर्थिंग तपासा, मग आरसीए तार (स्टिरिओकडून ॲम्पकडे सिग्नल नेणारी) पॉवरच्या तारेपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. आणि दुकानातून निघण्याआधी गाडी बंद करून, किल्ली काढून ॲम्पवरचा दिवा पाहा. मिनिटभरात तो विझला नाही, तर बहुधा रिमोटची तार (ॲम्प चालू-बंद करणारी) कायम चालू असणाऱ्या लाइनवर जोडलेली आहे. ती स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या तारेवर तिथेच बदलून घ्या, नाहीतर सकाळी गाडी सुरू होणार नाही.