ताबो, रात्रीचे साडेनऊ

रेकाँग पिओहून सकाळी बसमध्ये बसले ते दुपारी हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या ताबोला उतरले, खाब नंतर सतलज सोडून रस्ता स्पिती नदीच्या काठाला लागला आणि नाको मागे पडेपर्यंत हिरवं असं काही उरलंच नव्हतं, म्हणून इथली सफरचंदाची झाडं बघून एकदम बरं वाटलं. उंची ३२०० मीटरच्या वर आहे, डोकं जरा जड झालंय, बाकी ठीक.

होमस्टेत बॅग टाकली आणि लगेच गोम्पात, म्हणजे इथल्या बौद्ध मठात, गेले. बाहेरून बघितलं तर खरंच काही नाही. मातीच्या जाड भिंती, मातीचं सपाट छप्पर, अंगणात मातीचेच छोर्तेन, म्हणजे स्तूप. आमच्या आजोळची धाब्याची घरं अशीच होती, सिल्लोडकडची, तुळया, त्यावर काड्या आणि वर माती, त्यामुळे मला तर ते ओळखीचंच वाटलं. मग आत गेले. अंधार. वरच्या झरोक्यातून थोडासा उजेड येतो तेवढाच. लामाजींनी टॉर्च लावला आणि भिंतीतून एक एक मूर्ती बाहेर यायला लागली, मातीच्याच, माणसाएवढ्या, डोक्याच्या वर चारही बाजूंनी भिंतीला बसवलेल्या, आणि मधे चार दिशांना तोंड असलेला वैरोचन बुद्ध. म्हणजे तुम्ही मंडलाकडे, देवतांच्या त्या मांडणीकडे, बघत नाही, मंडलाच्या आत उभे असता. मला बराच वेळ काही बोलताच आलं नाही.

मूर्तींच्या खाली भिंतीवर काढलेल्या चित्रांत एका बाजूला बुद्धाचं चरित्र आहे आणि समोरच्या भिंतीवर सुधनाची गोष्ट. हा सुधन म्हणजे व्यापाऱ्याचा मुलगा, मंजुश्री बोधिसत्त्व त्याला गुरूंच्या शोधात पाठवतो आणि तो पन्नासच्या वर गुरूंना भेटतो. त्यात भिक्षू आहेत, राजा आहे, पण अत्तरं विकणारा आणि नावाडीसुद्धा आहे. मला हे फार आवडलं. हजार वर्षांपूर्वी या वाळवंटात कुणालातरी वाटलं की भिंतीवर प्रवासाची गोष्ट काढावी.

ताबोला सगळे हिमालयातलं अजिंठा म्हणतात. अजिंठा मी लहानपणापासून कितीतरी वेळा बघितलंय, पाहुणे आले की आम्ही त्यांना घेऊन जायचोच, पण आज आत उभं राहिल्यावर वाटलं की ही तुलना अर्धीच खरी आहे. अजिंठा दगडात कोरलंय, ओस पडलं तरी डोंगराने सांभाळलं, १८१९ मधे इंग्रज शिकारी तिथे पोचला तोवर आत पूजा करणारं कुणी नव्हतं. ताबो मातीचं आहे. ९९६ मधे पश्चिम तिबेटातल्या गुगेच्या येशे ओ राजाने बांधलं आणि ४६ वर्षांतच त्याच्या नातलगाला, जांगछुब ओला, दुरुस्ती करावी लागली, तसं भिंतीवर लिहून ठेवलंय. तेव्हापासून इथे दिवे लागतायत. मातीचं घर म्हणजे दरवर्षी हात फिरवायला लागतो, नाहीतर ते राहत नाही, आजोबा पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती टाकायचेच. १९७५ च्या भूकंपातही याचं बरंच नुकसान झालं, मग शेजारी नवीन मंदिर झालं, १९८३ ला दलाई लामांनी इथे कालचक्र नावाची बौद्ध दीक्षा दिली आणि हजार वर्षं झाली तेव्हा १९९६ ला परत येऊन दिली.

आणि पाणी. चित्रांवरून खाली आलेले मातीचे ओघळ दिसतात, एके ठिकाणी तर एका चेहऱ्यावरूनच. हा पर्जन्यछायेचा भाग, इथलं छप्पर बर्फासाठी केलेलं, बर्फ झाडून टाकता येतं पण पाऊस मुरतो. लामाजी म्हणाले आता पाऊस जास्त पडतो. आजोळी गळायला लागलं की आजी खाली पातेली ठेवायची, इथे कशाखाली काय ठेवणार? ते ओघळ बघून पोटात कालवलं माझ्या.

आत फोटो काढू देत नाहीत, तेच बरंय, मी एकेका मूर्तीसमोर नीट उभी राहिले.

रात्री मेमेंनी, म्हणजे घरच्या आजोबांनी, चुलीजवळ बसवलं, मिठाचा लोण्याचा चहा दिला, दुसरा कप मी मागून घेतला. सकाळी सहाला नव्या मंदिरात प्रार्थना असते, लामाजींनी या म्हणून सांगितलंय. अलार्म लावलाय. आभाळ बघायला मगाशी दोनदा बाहेर जाऊन आले, नदीच्या बाजूला थोडे ढग आहेत.