चोवीस मेणबत्त्या

मंगळवार, रात्री साडेअकरा

दिवे गेलेत ते अजून आले नाहीत. मेणबत्ती लावून बसलोय. वात लांबली की ज्योत धूर ओकायला लागते, मग कात्रीने तिचं काजळलेलं टोक छाटायचं. एका मेणबत्तीला एवढी उस्तवार, तर चोवीसांना किती?

एडिस्टोनच्या दीपगृहात चोवीस होत्या, त्याही चरबीच्या. इंग्लंडमधल्या प्लिमथपासून वीसेक किलोमीटरवर, भर समुद्रातला खडक. जॉन स्मीटनने १७५९ मध्ये तिथे दगडी मनोरा उभा केला. सुतार फळ्यांना खाचा पाडून त्या एकमेकींत अडकवतो, तसे त्याने दगड अडकवले, आणि पाण्यातही घट्ट होणारा चुना शोधून काढला. एवढा खटाटोप कशासाठी, तर चोवीस मेणबत्त्यांसाठी! १८१० पर्यंत त्याच जळत होत्या.

त्या खडकावरचं पहिलं दीपगृह स्मीटनच्याही आधीचं, हेन्री विन्स्टन्लीचं. बांधकाम चालू असताना फ्रेंचांनी त्याला पकडून नेलं, पण त्यांच्या राजाने, चौदाव्या लुईने सोडून दिलं. लढाई इंग्लंडशी होती, दिवा मात्र सगळ्यांच्याच जहाजांचा. या विन्स्टन्लीला म्हणे एखाद्या मोठ्या वादळात आपल्या मनोऱ्यात राहून बघायचं होतं. नोव्हेंबर १७०३ मध्ये तशी संधी मिळाली. सकाळी खडकावर ना मनोरा होता, ना तो.

पण मला राहून राहून आठवतो तो हेन्री हॉल. दुसऱ्या, लाकडी दीपगृहाचा रखवालदार, वय म्हणे चौऱ्याण्णव. (या वयात तिथे चढायचं तरी कसं?) १७५५ मध्ये वर दिव्याच्या खोलीला आग लागली. हा खालून बादलीने पाणी वर फेकत होता, मान वर, तोंड उघडं. छपराचं शिसं वितळून सरळ घशात गेलं. पोटात शिसं आहे असं तो सांगत राहिला, डॉक्टरला पटेना. बारा दिवसांनी तो गेला आणि पोटातून दोनेकशे ग्रॅमचा गोळा निघाला. तो एडिनबरोच्या संग्रहालयात आहे.

स्मीटनचा मनोरा भक्कमच होता, खालचा खडक झिजला. म्हणून वरचा भाग उतरवून प्लिमथला नेला; बुंधा अजून तिथेच आहे, १८८२ च्या नव्या दीपगृहाशेजारी. तेही १९८२ पासून स्वयंचलित, दर दहा सेकंदांनी दोनदा चमकतं. वर माणूस नाही.

दिवे आले. कात्री आत्ताच जागेवर ठेवतो, नाहीतर सकाळी शोधत बसावं लागेल.