हाताने चालते, बूटला चालत नाही: फ्रीबीएसडीवरची प्रगती

मंडळी, डेबियन लिनक्सवरून आणलेली आरसिंकची (फाइली कॉपी करून जुळवून ठेवणारा प्रोग्राम) बॅकअप स्क्रिप्ट आता फ्रीबीएसडी १४ या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमवर मशीन सुरू होतानाच उठते.

पहिली अडचण शीबँगची, म्हणजे स्क्रिप्ट कुठल्या प्रोग्रामने चालवायची ते सांगणाऱ्या पहिल्या ओळीची. स्क्रिप्टच्या माथ्यावर /बिन/बॅश होतं, म्हणजे बॅश या शेलचा (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामचा) पत्ता. फ्रीबीएसडीत बॅश मूळ सिस्टिममध्ये नसतं, पॅकेजमधून टाकलं की /यूएसआर/लोकल/बिनमध्ये जाऊन बसतं. एरर मात्र स्क्रिप्टचंच नाव घेऊन ‘सापडत नाही’ म्हणते, आणि फाइल तर डोळ्यांसमोर! सापडत नसतो तो इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा शेल. (विंडोजवर सेव्ह केलेल्या फाइलीतला कॅरेज रिटर्न (ओळीच्या शेवटचं अदृश्य चिन्ह) शेलच्या नावाला चिकटला की हाच तमाशा.)

नुसता पाथ बदलूनही भागलं असतं. पण डेबियनचं एसएच (सिस्टिमचा मूळ साधा शेल) म्हणजे २०११ च्या स्क्वीझ आवृत्तीपासून डॅश, आणि फ्रीबीएसडीचं एसएचही त्याच आल्मक्विस्ट शेलच्या घराण्यातलं. मग फक्त बॅशलाच कळणारे दुहेरी चौकोनी कंस आणि अ‍ॅरे काढून टाकले, तीच फाइल दोन्हीकडे चालते.

खरा वेळ खाल्ला पाथने, म्हणजे शेल कमांड ज्या फोल्डरांत शोधतो त्या यादीने. रूट (सर्व अधिकार असलेलं खातं) म्हणून हाताने चालवली की सगळं ठीक, रीबूटनंतर आरसिंक गायब. बूटच्या वेळी कोणी लॉगिनच करत नाही, त्यामुळे लॉगिनच्या वेळी पाथ लावणारी डॉट-प्रोफाइल फाइल वाचली जात नाही. आरसी, म्हणजे बूटच्या वेळी सेवा सुरू करणारी यंत्रणा, स्वतःचा पाथ लावतं: /एसबिन, /बिन आणि यूएसआरमधली तीच जोडी. आरसिंक जिथे असतं ते /यूएसआर/लोकल/बिन त्यात नाहीच. आरसिंकचा पूर्ण पाथ लिहिला, प्रश्न मिटला. हे तपासायला दरवेळी रीबूट नको. स्क्रिप्ट थेट न चालवता ‘सर्व्हिस’ कमांडने सुरू करा. ती तुमचं एन्व्हायर्नमेंट (पाथसारख्या सेटिंग्ज) पुसून जवळपास बूटसारखंच देते. तरी उमगलं नाही तर चालणारी प्रत्येक कमांड दाखवणारं सेट -एक्स आहेच.

नेटवर्कनंतरच स्क्रिप्ट सुरू व्हावी म्हणून तिच्या ‘रिक्वायर’च्या ओळीत ‘नेटवर्किंग’ घातलं, पुढचा क्रम आरसीऑर्डर हा प्रोग्राम लावतो.

रूटचा शेल बॅश करावा का? माझं मत, अजिबात नको. अपग्रेडमध्ये एखादी लायब्ररी हलली की बॅश उठत नाही आणि रूट दाराबाहेर. सिंगल-यूझर मोड (दुरुस्तीसाठीचं बूट) शेलचा पाथ विचारतो म्हणून वाचतो आपण, पण रिमोट सर्व्हरला कन्सोल कुठून आणणार? १४.० पासून रूटला एसएचच मिळतं, आधी सीएसएच हा दुसरा शेल होता. बॅश हवंच तर रूटइतकेच अधिकार असलेलं ‘तूर’ हे दुसरं खातं त्यासाठीच ठेवलंय.

आता क्रॉनची, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी, कामं हलवायची आहेत. तिथलाही पाथ तपासून घ्यावा लागेल.