परदेशात एमबीबीएस: कॉलेज ठरवण्याआधी परवान्याचा कागद मागा

नीटचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो: "हे कॉलेज एनएमसी-मान्य आहे ना?" एजंट हो म्हणतो आणि पालक निर्धास्त होतात. पण राष्ट्रीय वैद्यकीय आयोग (एनएमसी) परदेशातल्या एकाही कॉलेजला मान्यता देत नाही. त्यामुळे माहितीपत्रकावर "एनएमसी अप्रूव्हड" असा शिक्का दिसला, तर त्याच्यामागे कुठलाही सरकारी कागद नाही हे पक्कं समजा. जागतिक वैद्यकीय महाविद्यालय सूचीत नाव असलं तरी तेवढ्याने भारतात नोंदणी मिळत नाही.

आयोगाने दिल्यात त्या अटी. 18 नोव्हेंबर 2021 च्या नियमावलीत त्या आहेत आणि त्यानंतर प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला लागू आहेत. अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा. त्यावर त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी हवं. सगळं शिक्षण एकाच देशात, एकाच संस्थेत व्हायला हवं. आणि ज्या देशाची पदवी, त्या देशात तिथल्या नागरिकाच्या बरोबरीने डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळायला हवा. हे जमलं की भारतात परतून परीक्षा आणि पुन्हा 12 महिन्यांची इंटर्नशिप. अभ्यासक्रम आणि इंटर्नशिप मिळून प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत उरकावं लागतं.

यातली परवान्याची अट सगळ्यात जड आहे आणि नेमकी तिच्याबद्दलच कुणी विचारत नाही.

रशियाचं बघा. तिथल्या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाचं नाव 'लेचेबनोए देलो', सांकेतिक क्रमांक 31.05.01. प्रवेशपत्रावर हा क्रमांक आहे का ते पाहा, कारण दंतवैद्यकाचा 31.05.03 आणि बालरोगाचा 31.05.02 आहे. डिप्लोमा, म्हणजे तिथलं पदवीचं प्रमाणपत्र, मिळाला म्हणजे तिथे लगेच रुग्ण तपासता येतात असं नाही. आधी प्राथमिक अधिस्वीकृती नावाची परीक्षा द्यावी लागते: बहुपर्यायी चाचणी, सिम्युलेटरवर प्रत्यक्ष कौशल्यं आणि रुग्णांच्या उदाहरणांवर प्रश्न. आणि हे सगळं रशियन भाषेत. म्हणजे वर्ग इंग्रजीतून झाले तरी परवाना रशियनमधून मिळवायचा. त्यामुळे पहिल्या सत्रापासून रशियनकडे मुख्य विषयासारखं बघावं लागतं. वॉर्डातली आजीबाई "पोटात कुठे दुखतं" हे इंग्रजीत सांगणार नाही. रुग्णाला विचारून आजाराची हिस्ट्री घेता आली नाही, तर विद्यार्थी मागच्या रांगेत उभा राहून वर्षं काढतो आणि क्लिनिकल विषय पुस्तकातच राहतात.

जॉर्जियात अडचण वेगळी आहे. तिथली पदवी सहा वर्षांची, 360 क्रेडिटची. पदवीनंतर कनिष्ठ डॉक्टर म्हणून दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करता येतं. स्वतंत्र व्यवसायासाठी रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण, आणि सरकारी प्रमाणन परीक्षा लागते. म्हणून तिथे जाणाऱ्याने विद्यापीठाला लेखी विचारावं: पदवीनंतर मला कोणती नोंदणी मिळेल, ती कोणतं खातं देईल, आणि जॉर्जियाच्या नागरिकालाही तीच मिळते का? उत्तर विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवरूनच यायला हवं. एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला स्क्रीनशॉट इथे कामाचा नाही.

चीनबाबत तर आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये सरळ लिहूनच दिलं: नोव्हेंबर 2021 नंतर तिथे प्रवेश घेतलेल्याला चीनचा डॉक्टरकीचा परवाना मिळाला नाही, तर भारतातली पात्रता परीक्षा देता येणार नाही. ज्यांच्या मनात चीन आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता महिन्यांचा हिशेब. हा अगदी कागद-पेन घेऊन करा. समजा वर्ग 15 सप्टेंबर 2026 ला सुरू झाले. 54 महिने पुरे होतात 15 मार्च 2031 च्या सुमारास, आणि त्यानंतर बारा महिने इंटर्नशिप. म्हणजे एकूण 66. सहा वर्षांच्या कोर्सचे 72 महिने होतात. त्यातलं शेवटचं वर्ष विद्यापीठ इंटर्नशिप म्हणून धरत असेल, तरी 60 अधिक 12 अशी मांडणी बसते. पण पाच वर्षांच्या कोर्सचं शेवटचं वर्ष इंटर्नशिप असेल, तर शिकवणीचे 48 महिनेच उरतात आणि गणित फसतं. फिलिपिन्समधल्या चार वर्षांच्या एमडीचंही (तिथे एमबीबीएसच्या जागी हीच पदवी) असंच. आधीचं बीएस हे पूर्वतयारीचं शिक्षण आहे, ते 54 महिन्यांत धरलं जात नाही. विद्यापीठाकडून सत्रनिहाय अभ्यासक्रम मागवा, त्यात प्रत्येक सत्राची सुरुवात, शेवट आणि विषयांचे तास असतात. मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग व प्रसूती, बालरोग, नेत्र, कान-नाक-घसा, अस्थिरोग, मानसोपचार हे विषय वॉर्डातल्या कामासह आहेत का, ते एकेक करून तपासा. इंटर्नशिप वेगळी दाखवली आहे की "क्लिनिकल प्रॅक्टिस" म्हणून कुठेतरी मिसळली आहे, तेही बघा. मिसळली असेल तर वेगळं प्रमाणपत्र मिळेल का, हे आजच विचारा.

एकदा प्रवेश घेतल्यावर कॉलेज बदलता येईल, हा भरवसा बाळगू नका. एकाच संस्थेची अट असल्यामुळे तिसऱ्या वर्षी दुसरीकडे उडी मारली की पदवीच अडचणीत येते. कॅरिबियन बेटांवरच्या काही कॉलेजांत सुरुवातीची वर्षं बेटावर आणि क्लिनिकल वर्षं दुसऱ्या देशातल्या रुग्णालयांत असतात. भारतात परतायचं असेल तर ती वाट बंद आहे.

कॉलेज जोखण्याची एक साधी आणि फुकटची पट्टी म्हणजे एफएमजीईचा, म्हणजे परदेशी पदवी घेऊन परतल्यावर भारतात द्याव्या लागणाऱ्या पात्रता परीक्षेचा, कॉलेजवार निकाल. राष्ट्रीय परीक्षा मंडळ किती जण बसले आणि किती उत्तीर्ण झाले याचे आकडे प्रसिद्ध करतं. एका वर्षाच्या टक्क्यावर जाऊ नका, तीन-चार वर्षं शेजारी-शेजारी मांडा. पाच बसले आणि चार पास झाले यावरून काहीच कळत नाही. तीनशे बसून साठ पास होत असतील, तर ते कॉलेज काय शिकवतं ते कळतं.

ही परीक्षा 300 गुणांची, दीडशे-दीडशे प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येकी अडीच तास. 150 ला उत्तीर्ण, चुकीला गुण कापत नाहीत. ऐकायला सोपी वाटते, तरी नापास होणारेच जास्त. त्याचं एक कारण विषयांच्या वाटणीत दिसतं. सामाजिक वैद्यकशास्त्राला 30 गुण आहेत, स्त्रीरोग व प्रसूतीइतकेच. त्यात क्षयरोग कार्यक्रम, लसीकरणाचं वेळापत्रक, आशाताई, उपकेंद्र असं सगळं भारतातलं विचारतात. मॉस्कोत किंवा तिबिलिसीत ते कुणी शिकवणार नाही. त्याची पुस्तकं इथूनच न्यावी लागतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून वाचावी लागतात.

नीट पात्र नसताना प्रवेश घेऊ नका, मग कॉलेज कितीही चांगलं असो. परदेशी प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षं धरला जातो. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात बँकेतून पाठवा आणि पावतीवर विद्यार्थ्याचं नाव पासपोर्टप्रमाणे आहे का ते पाहा. "पॅकेज"च्या नावाखाली रोख रक्कम मागणाऱ्याला नकार द्या. रोख दिलेल्या पैशाचा विद्यापीठाला पत्ता नसतो, आणि दुसऱ्या वर्षी थकबाकी निघते तेव्हा तो एजंट फोन उचलत नाही.

शेवटचं काम आजच सुरू करण्याचं आहे. एक फाइल करा. त्यात प्रवेशपत्र, प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका आणि फीच्या पावत्या ठेवा. विद्यार्थी प्रत्यक्ष तिथे हजर होता हे पासपोर्टावरच्या येण्या-जाण्याच्या शिक्क्यांवरून तपासलं जातं. म्हणून पासपोर्टची मुदत संपून नवा घेतला तरी जुना फेकू नका. दर सुट्टीत घरी आल्यावर नव्या शिक्क्यांच्या पानांची प्रत काढून त्याच फाइलमध्ये लावा. पदवी हातात आली की तिथून निघण्याआधीच ती अपॉस्टिल करून घ्या, म्हणजे ती खरी असल्याचा दुसऱ्या देशांत चालणारा सरकारी शिक्का घ्या. भारतात आल्यावर त्यासाठी पुन्हा तिकडे धाव घ्यावी लागते किंवा कुणाला तरी गळ घालावी लागते, आणि तोवर परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख निघून जाते.