तीन मिलिमीटर पाणी

मी एका प्रादेशिक विमानतळावर एअरसाइड ऑपरेशन्स बघते. सुरक्षा तपासणीच्या पलीकडचं सगळं आमच्याकडे येतं: धावपट्टी, तिथवर नेणारे टॅक्सीवे, विमानं उभी राहतात तो ॲप्रन, दिवे, रंगवलेल्या खुणा, वाढलेलं गवत, त्यात बसणारे पक्षी. आमची नेहमीची विमानं म्हणजे एटीआर ७२, पंख्यांची. पूर्ण भारात २३ टन, सत्तरेक प्रवासी. दिवसाची उड्डाणं मोजकीच. त्यामुळे ‘एवढ्याशा विमानतळावर एवढा खर्च कशाला?’ हा प्रश्न आम्हाला सतत ऐकावा लागतो.

त्या दिवशी तो प्रश्न विचारायला एक आढावा समितीच आली होती. विस्ताराचा पहिला टप्पा पूर्ण होऊन काही वर्षं झाली होती. दुसऱ्या टप्प्याला पैसे द्यायचे की नाहीत, हे समितीला ठरवायचं होतं. पहिल्या टप्प्यात टर्मिनल मोठं झालं, काचेचा दर्शनी भाग आला, सामानाचा नवा पट्टा आला. त्याच टप्प्यात धावपट्टीवर नवा थर पडला, कडेच्या गटारांचा उतार दुरुस्त झाला, दिव्यांच्या केबल बदलल्या आणि जनरेटर बदलला. उद्घाटनाच्या फोटोंमध्ये अर्थातच टर्मिनल होतं.

समितीतल्या अर्थतज्ज्ञांनी तयारी चोख केली होती. युरोपियन कोर्ट ऑफ ऑडिटर्सचा २०१४ चा अहवाल त्यांनी समोर ठेवला. पाच देशांतले २० विमानतळ तपासून त्या लेखापरीक्षकांनी म्हटलं होतं की पैशाच्या मानाने पदरात फार कमी पडलं. जवळजवळ असलेल्या विमानतळांना वेगवेगळा निधी मिळाला, अनेक बांधकामं गरजेपेक्षा मोठी निघाली, आणि त्यातले सात विमानतळ सरकारी मदत थांबली तर बंद पडतील अशा अवस्थेत होते. मग स्पेनमधल्या सिउदाद रिआलचं उदाहरण आलं. चार किलोमीटरची धावपट्टी, भव्य टर्मिनल, आणि २०१२ मध्ये सगळं बंद. २०१५ च्या लिलावात त्याला आलेली बोली होती दहा हजार युरो.

यातलं काहीही मला खोडता येत नव्हतं आणि खोडायचंही नव्हतं. माझी हरकत मोजमापाला होती. समितीच्या तक्त्यात फायद्याचा एकच रकाना होता, तो म्हणजे प्रवासीसंख्या. आमची प्रवासीसंख्या अंदाजापेक्षा कमी होती, म्हणजे पहिला टप्पा वाया गेला, असा सरळ हिशेब. मी म्हटलं, विमान निघतानाच त्याच्या फ्लाइट प्लॅनमध्ये पर्यायी विमानतळाचं नाव लिहिलेलं असतं आणि तिथवर जाण्याचं इंधन टाकीत असतं. मोठ्या शहराकडे जाणाऱ्या कितीतरी विमानांच्या कागदावर आमचं नाव असतं. त्या नावाची किंमत तक्त्यात कुठे आहे?

“पण प्रत्यक्षात किती येतात?” असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. क्वचितच येतात, आणि मी तसंच सांगितलं. जेवणाच्या सुट्टीनंतर समिती टर्मिनल बघायला गेली आणि मी माझ्या कामाला लागले.

दुपार कलली तसा पाऊस सुरू झाला. आमच्याकडे जोराचा, पण वादळ नव्हतं. वादळ मोठ्या शहरावर होतं. तिथे विमानं आकाशात घिरट्या घालत थांबली होती. अंधार पडायच्या सुमाराला टॉवरमधून फोन आला. “मॅडम, एक ए३२० जेट आपल्याकडे वळतंय. वीस-बावीस मिनिटं आहेत. धावपट्टीची स्थिती सांगा.”

धावपट्टीची स्थिती सांगायची म्हणजे स्वतः जाऊन बघायची. ४ नोव्हेंबर २०२१ पासून जगभर त्याची एकच पद्धत आहे. धावपट्टीचे तीन समान भाग करायचे आणि प्रत्येक भागाला ० ते ६ मधला एक आकडा द्यायचा. कोरडी असेल तर ६. ओली असेल, पण पाणी तीन मिलिमीटरपर्यंतच असेल, तर ५. पाणी त्याहून वर गेलं की एकदम २. मधल्या आकड्यांवर थांबायची सोय पाण्याला नाही. पाचाला ब्रेक चांगले लागतात असं पायलट धरतो. दोनाला ‘मध्यम ते कमी’ म्हणतात, म्हणजे चाक रस्त्याला धरण्याऐवजी पाण्यावर तरंगण्याची भीती असते. आमची धावपट्टी दोन हजार मीटरच्या आसपास. एटीआरला ती भरपूर होते. उतरताना साठेक टन भरणाऱ्या ए३२०ला ओल्यात ती पुरते, पण उधळायला फारसं काही शिल्लक राहत नाही. तिथे ५ आणि २ मधला फरक म्हणजे विमान येणार की परत फिरणार, एवढा मोठा होता.

टॉवरची परवानगी घेऊन जीप आत घातली. पहिल्या भागात उतरले, पोलादी पट्टी टेकवली. पाण्याची नुसती झिलई होती. दुसऱ्या भागाची मला खरी काळजी होती. जुन्या धावपट्टीला तिथे एक खोलगट होता. पाऊस थांबल्यावर अर्धा-अर्धा तास तिथे तळं साचून राहायचं, आणि एटीआरचे पायलटही त्याबद्दल तक्रार करायचे. नव्या थरात तो खोलगट भरून काढला आणि वर आडवे चर कापले. ६ मिलिमीटर खोल, ६ रुंद, दर ३८ मिलिमीटरवर एक. बघायला काहीच नाही. विमानतळावर येणाऱ्या कुठल्याही पाहुण्याला ते दाखवायचं म्हटलं तर त्याला वाकून, बोट लावून बघावं लागेल.

जीपच्या दिव्यात मी गुडघ्यांवर बसले. पाऊस पडतच होता, आणि चरांमधून पाणी कडेकडे पळत होतं. शब्दशः पळत होतं, कारण त्यात अडकलेली एक गवताची काडी माझ्या डोळ्यांसमोरून कडेच्या दिशेने निघून गेली. पट्टी चरांमधल्या सपाट भागावर धरली, एकदा मध्यरेषेजवळ, एकदा चाकांच्या मार्गावर. दोन मिलिमीटर सुद्धा भरत नव्हतं. मी आणखी पुढे जाऊन पुन्हा मोजलं, कारण मला स्वतःचीच खात्री करून घ्यायची होती. तेवढंच.

तिसऱ्या भागात असताना कडेचे दिवे गेले. मुख्य वीज गेली होती. आमच्यासारख्या धावपट्टीला पर्यायी विजेवर दिवे यायला जास्तीत जास्त १५ सेकंदांची मुभा असते. पूर्वीच्या जनरेटरला कुणीतरी पळत जाऊन चालू करायला लागायचं. मी वॉकी-टॉकी तोंडाशी धरला, आणि वीजविभागाचे काका बोलायच्या आत दिव्यांची रांग परत उजळली. “आलं मॅडम, आपोआप आलं,” काका म्हणाले. त्यांच्या आवाजातला दिलासा मला अजून आठवतो. जुन्या जनरेटरकडे पावसात पळणारे तेच होते.

“पाच, पाच, पाच,” मी टॉवरला सांगितलं आणि धावपट्टी मोकळी केली.

अग्निशमन दलाची गाडी तोवर जागेवर उभी होती. आमचा अग्निशमनाचा दर्जा ५. लांबीच्या हिशेबाने ए३२०ला दर्जा ६ लागतो, म्हणजे पाणी ५,४०० लिटरऐवजी ७,९०० लिटर आणि एका गाडीऐवजी दोन. असं मोठं विमान क्वचितच येत असेल तर एक दर्जा खाली चालतं, असा नियम आहे, त्यामुळे आम्ही नियमात होतो. तरी दलप्रमुखांनी पाण्याचा टँकर मागे लावून ठेवला होता. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

विमान ढगातून बाहेर आलं तेव्हा मी ॲप्रनच्या कडेला होते. पुढचे दिवे पावसात मोठे मोठे होत आले, चाकं ठरलेल्या ठिकाणी टेकली, पाण्याचा फवारा मागे उडाला आणि इंजिनांचा उलटा जोर ऐकू आला. ते थांबायला आलं तेव्हा धावपट्टी बरीच उरली होती.

इथवर पहिल्या टप्प्याने आपलं काम केलं. जे केलं नाही, ते पुढच्या पाच मिनिटांत समोर आलं.

आमचा ॲप्रन एटीआरच्या मापाने आखलेला. एक एटीआर आधीच उभं होतं. पंखांच्या टोकाला साडेचार मीटर मोकळी जागा सोडायची तर या विमानाने उरलेल्या दोन्ही जागा खाल्ल्या. विमान मागे ढकलायला लागणारा या जातीचा दांडा, म्हणजे टोबार, आमच्याकडे नव्हता, त्यामुळे ते मागे ढकलता येणार नव्हतं. स्वतःच्या ताकदीवर वळून बाहेर पडता येईल, असंच तिरकं उभं करावं लागलं. आणि शिडी! एटीआरचा मागचा दरवाजाच पायऱ्यांचा असतो, त्यामुळे आम्हाला उंच शिडी कधी लागलीच नाही. ए३२०चा दरवाजा जमिनीपासून साडेतीन मीटरच्या आसपास. पहिल्या टप्प्याच्या यादीत शिडी आणि टोबार दोन्ही होते. ‘जेट येत नाहीत’ या शेऱ्यासह ते कापले गेले. ज्या टर्मिनलमध्ये दोनशे माणसं आरामात बसली असती, ते शंभर पावलांवर लखलखत होतं, आणि विमानातले लोक विमानातच बसून होते.

त्यांतल्या एका वयस्क बाईंना चक्कर आली. साखर उतरली होती. आमचे डॉक्टर पन्नाशीच्या पुढचे. अग्निशमन दलाची शिडी दरवाजाला लावली, खाली दोन जवानांनी पाय रोवून ती धरली, आणि डॉक्टर भर पावसात पाठीला पिशवी बांधून चढले. चढताना एका पायरीवर त्यांचा बूट घसरला. खाली उभ्या असलेल्यांपैकी कुणीही काही बोललं नाही. वर पोचल्यावर कॅप्टनने स्वतः हात देऊन त्यांना आत घेतलं. पंधरा-वीस मिनिटांत निरोप आला की बाई सावरल्या. खाली आणायची वेळ आली असती तर स्ट्रेचर त्या शिडीवरून कसं उतरवलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्याच दरम्यान दुसऱ्या एका जेटने विचारणा केली. टॉवरने माझ्याकडे बघितलं. ॲप्रन भरलेला. धावपट्टी पाचावर होती, दिवे होते, सगळं होतं, पण उभं करायला जागा नव्हती. जेटकडे शेवटची राखीव म्हणून अर्ध्या तासाचं इंधन असलंच पाहिजे. पायलटने ‘मेडे फ्युएल’ म्हटलं असतं, म्हणजे त्या राखीव इंधनाला हात लागणार असल्याची आणीबाणी कळवली असती, तर नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता, टॅक्सीवेवर उभं केलं असतं आणि विमानतळ बंद केला असता. त्याच्याकडे इंधन होतं. ते आणखी पुढच्या विमानतळावर गेलं. मला ते ‘नाही’ फार जड गेलं.

वादळ सरल्यावर इंधन भरून ए३२० निघून गेलं. समितीतले अर्थतज्ज्ञ मुक्कामाला होते. ते हे सगळं टर्मिनलच्या काचेतून बघत होते, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यांनी मला विजय वगैरे बहाल केला नाही, आणि मला तो नकोच होता. त्यांनी सरळ विचारलं, “दुसऱ्या टप्प्यातलं तुम्ही स्वतः काय कापाल?”

मी उत्तर द्यायला वेळ लावला नाही. टर्मिनलमधून थेट विमानात नेणारे दोन एअरोब्रिज कापा. जिथे रोजची विमानं स्वतःच्या पायऱ्या घेऊन येतात, तिथे ते उभे राहून गंजतील. धावपट्टीची लांबी वाढवणंही थांबवा. तेवढ्या लांबीचं नियमित विमान आणण्याची लेखी तयारी कुठलीही कंपनी दाखवत नाही, तोवर तो खर्च म्हणजे आशेवर काढलेलं कर्ज आहे. आयएलएसचाही, म्हणजे रेडिओ संकेतांनी विमानाला धावपट्टीकडे आणणाऱ्या यंत्रणेचाही, आग्रह मी सोडला. ते उत्तम यंत्र आहे, पण अँटेना बसवा, जमीन सपाट ठेवा, ठरावीक काळाने विमान आणून तपासणी करा, हा कायमचा खर्च आहे. आमच्या एटीआरना योग्य उपकरणं असतील तर उपग्रहावर चालणाऱ्या एलपीव्ही पद्धतीने दोनशे फुटांपर्यंत खाली येता येऊ शकतं, आणि त्यासाठी विमानतळावर अँटेना लागत नाही. त्या पद्धतीचं सर्वेक्षण करून नकाशे काढा.

आणि ठेवायचं काय? ॲप्रनवर मोठ्या विमानाची एक जादा जागा, तिच्याखालच्या थराच्या बळकटीसह. उंच शिडी. टोबार. अग्निशमनाची दुसरी गाडी. धावपट्टीच्या टोकापलीकडचा सुरक्षा-पट्टा, ज्याचं नियमातलं किमान माप ९० मीटर आहे आणि शिफारस २४० मीटरची. आमचा किमान मापावर अडकलेला आहे, कारण पुढे ओढा आहे. तो ओढा बंदिस्त करण्याचं काम सगळ्यांत महाग होतं, आणि त्यावरच आमचं सर्वांत जास्त बोलणं झालं. अर्थतज्ज्ञांचं म्हणणं, तिथे विमान घसरण्याची शक्यता अत्यल्प आहे. माझं म्हणणं, ती शक्यता आपण ओल्या धावपट्टीवर आणखी जेट घेऊन स्वतः वाढवणार आहोत, तेव्हा शिडी घ्यायची असेल तर हेही घ्यावं लागेल. एक घेऊन दुसरं टाळता येणार नाही.

शिडी, टोबार आणि ॲप्रनची जागा मंजूर झाली. एलपीव्हीचं सर्वेक्षण सुरू आहे. एअरोब्रिज गेले. गाडीचा निर्णय पुढच्या अंदाजपत्रकावर ढकलला आहे. ओढ्याचं प्रकरण अजून टेबलावर आहे, आणि त्यासाठी मी दर पावसाळी पाहणीचे आकडे त्यांना पाठवत असते.