एका कॉम्प्युटरपायी चार महिने: जुने ब्राउझर बंद करतानाचा माझा अनुभव

आमचं उद्यमनगरात स्पेअर पार्टचं काम आहे, साखर कारखान्यांच्या स्टोअरवाल्यांना ऑर्डर टाकायला आणि खात्यावरची बाकी बघायला लॉगिनवाली वेबसाइट आहे, ती मीच सांभाळतो. ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यातली माहिती गुप्त ठेवणारी पद्धत म्हणजे टीएलएस. तिच्या जुन्या आवृत्त्या, टीएलएस १.० आणि १.१, मार्च २०२१ मध्येच अधिकृतपणे बाद झाल्या, तरी आमच्या जुन्या सर्व्हरवर चालूच होत्या. त्या बंद करायला एनजिनएक्समध्ये, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एक ओळ बदलायची, पाच मिनिटांचं काम. लागले चार महिने.

बंद करायच्या आधी सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलीत) नुसतं ब्राउझरचं नाव बघू नका, रिक्वेस्ट कुठल्या टीएलएसवर आली तेही नोंदवून घ्या. तीन आठवडे नोंदवलं तर जुन्यावर येणारं एकच गिऱ्हाईक निघालं. टक्केवारीत किरकोळ, पण तोच आमचा सगळ्यात मोठा कारखाना!

जाऊन बघतोय तर विंडोज एक्सपी आणि इंटरनेट एक्सप्लोरर ८. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय. त्याच मशीनवर वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, ते नव्या विंडोजवर चालत नाही. स्टोअरचे साहेब म्हणाले, "हंगाम सुरू आहे, काट्याला हात लावायचा नाही, वेबसाइट तुमची, तुम्हीच काय ते बघा." मग नवीन कॉम्प्युटर घ्या म्हटलं तर अर्ज स्टोअरमधनं अकाउंटला, तिथनं मंजुरीला, परत शेरा मारून खाली. चारदा गेलो गाडीवरनं, दर खेपेला फाइल वेगळ्याच टेबलावर. डोकं फिरायची वेळ आली, कारण तोवर त्या एका मशीनसाठी थ्रीडीईएससारखा कमकुवत सायफर (माहिती गुप्त करायचं गणित) चालू ठेवायला लागत होता, आणि त्यातनं जाणारा पासवर्ड त्यांचाच होता की!

त्याच एक्सपीवर फायरफॉक्स ५२ ब्राउझर टाकून दिला असता तर टीएलएस १.२ चाललं असतं. मोह झाला एकदा. पण नेटला जोडलेला एक्सपी तसाच राहिला असता, म्हणून नाही टाकला.

शेवटी लेखी पत्र दिलं, अमुक तारखेला बंद, त्यानंतर ऑर्डर फोनवर घेऊ. तारीख बघून फाइल हलली, आठ दिवसांत साधा कॉम्प्युटर आला. एक्सपीची नेटची वायर काढली, काटा आहे तसा चालू. हे पत्र पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं, तुम्ही द्या.

विंडोज ७ वाले काही आहेत, त्यांचं क्रोम १०९ वर थांबलंय, पण टीएलएस १.३ चालतं, म्हणून त्यांना फक्त सूचना दाखवतोय.

आणि जुनं टीएलएस बंद करायच्या आधीच महिनाभर वेबसाइटवर सूचनेची पट्टी लावा. नंतर जुन्या ब्राउझरला पानच उघडत नाही, मग सूचना दिसणार कुठनं?